भारावून टाकणारं व्याख्यान ऐकलं. आता वर्गात त्यातलं काय न्यायचं?

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे मला तो नीट कळलाय का हे तुम्हालाही तपासता येईल. तुम्ही अध्यापक प्रशिक्षण घेताय. एका नावाजलेल्या शिक्षकाचं व्याख्यान ऐकून आलात. दीड तास कुणी जागचं हललं नाही, शेवटी बऱ्याच जणांनी डोळे पुसले. तुमची वही भरली. पण तीन आठवड्यांवर पहिला सराव पाठ आलाय, आणि टाचण लिहायला बसल्यावर त्या वहीतलं एकही वाक्य कामाला येत नाही. त्यात तुमचा आवाज लहान, गोष्ट रंगवून सांगणं जमत नाही. मग त्या व्याख्यानातून घ्यायचं तरी काय? आणि त्या सरांना पत्र लिहावं का?

मी २६ वर्षं विज्ञान शिकवलं. आता मागच्या बाकावर बसून छात्राध्यापकांचे पाठ बघतो. हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी घेऊन येतं, आणि मी आधी एक काम सांगतो. वही मिटा, कोरा कागद घ्या. त्यावर तीन गोष्टी लिहा: वक्त्याचं म्हणणं काय होतं, ते पटवायला त्यांनी काय काय सांगितलं, आणि ते ऐकल्यामुळे आज तुम्हाला असं काय करता येतं, जे आठवड्यापूर्वी येत नव्हतं. पहिल्याला तीनचार ओळी येतात. दुसऱ्याला एक विनोद आणि एक हृदयाला हात घालणारा प्रसंग. तिसऱ्यापुढची जागा बहुधा कोरी राहते.

एवढ्यावरून व्याख्यान पोकळ होतं असं ठरवू नका. छान वाटणं आणि शिकणं ऐकताना सारखंच भासतं. फरक कळतो तो असा नंतर, कागद पुढे घेतल्यावर.

१९७० मध्ये अमेरिकेत या भासाची एक खोडकर परीक्षा झाली होती. मायकेल फॉक्स नावाच्या नटाला 'डॉ. मायरन फॉक्स' असं नाव आणि भारदस्त ओळख देऊन व्यासपीठावर उभं केलं. विषय होता गणिती खेळ-सिद्धांताचा डॉक्टरांच्या शिक्षणात उपयोग. नटाला त्यातलं काही येत नव्हतं. त्याला शिकवलं होतं ते एवढंच: आत्मविश्वासानं बोल, हसव, एकमेकांना छेद देणारी विधानं कर, अर्थहीन शब्द पेर. श्रोते भोळेभाबडे नव्हते. मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि शिक्षण क्षेत्रातली माणसं होती. त्याच व्याख्यानाचं चित्रण आणखी दोन गटांना दाखवलं. मिळून ५५ जणांनी प्रश्नावली भरली आणि बहुसंख्यांना व्याख्यान आवडलं, विचाराला चालना मिळाली असं वाटलं. एकानं तर या डॉक्टरांचं लेखन आपण वाचल्याचंही लिहिलं! हे सगळं १९७३ मध्ये प्रसिद्ध झालं. श्रोते त्यातून काय शिकले याची चाचणी त्या प्रयोगात घेतली नव्हती, ही त्याची मोठी उणीव. तरी वक्ता रंगला की अभिप्राय रंगतो, एवढं त्यातून दिसलं.

ती चाचणी पुढे इतरांनी घेतली. २०१३ मधल्या एका अभ्यासात तोच मजकूर एकदा श्रोत्यांच्या नजरेला नजर देऊन सफाईनं आणि एकदा कागदात डोकं खुपसून अडखळत सांगितला. सफाईदार वक्त्याच्या श्रोत्यांना आपल्याला जास्त आठवेल असं वाटलं. प्रत्यक्षात दोन्ही गटांना सारखंच आठवलं. उलट बाजूही पाहा. हार्वर्डमध्ये भौतिकशास्त्राच्या वर्गांवर झालेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, स्वतः झगडून उदाहरणं सोडवणारे विद्यार्थी उत्तम व्याख्यान ऐकणाऱ्यांपेक्षा जास्त शिकले. आपण कमी शिकलो असं मात्र त्यांनाच वाटत होतं.

हे मी तुमचा उत्साह मोडायला सांगत नाही. सराव पाठानंतर मुलं 'वा' म्हणाली नाहीत म्हणून तुम्ही रात्री रडाल, तेव्हा आठवावं म्हणून सांगतोय.

मग व्याख्यान कशासाठी असतं? माझ्या मते त्याचं खरं काम ओढ लावणं. दीड तासात कुणाला काही 'येत' नाही, पण घरी जाऊन ते करून बघावंसं वाटतं, आणि ते थोडं नाही. फक्त एक फरक विसरू नका. सभागृहातली माणसं आपणहून आली होती, विषय आवडणारी होती. तुमच्या वर्गातली मुलं घंटा झाली म्हणून बसलेली असतील. एकाला कालचं भांडण डोक्यात असेल, दुसऱ्याला मागच्या दोन वर्षांचंच नीट कळलेलं नसेल. निवडून आलेल्या श्रोत्यांसमोर चालतं ते यांच्यासमोर जसंच्या तसं चालेल अशी अपेक्षा धरली, तर दोष मुलांचा वाटू लागतो. ही फार वाईट सवय, आणि ती लवकर लागते.

आता मुख्य मुद्दा. तुम्ही ते व्याख्यान श्रोत्याच्या खुर्चीतून ऐकलंत. नाटक प्रेक्षागृहातून बघणाऱ्याला विंगेतली धावपळ दिसत नाही, तसंच हे. डॅन लॉर्टी या समाजशास्त्रज्ञानं १९७५ मध्ये शिक्षकी पेशाबद्दल लिहिताना याच अडचणीवर बोट ठेवलं होतं. शाळा संपेपर्यंत विद्यार्थी सुमारे १३,००० तास शिक्षकांच्या सहवासात काढतो, असा त्याचा अंदाज. त्यामुळे शिकवणं म्हणजे काय हे आपल्याला ठाऊक आहे असं प्रत्येकाला वाटतं. पण एवढ्या तासांत आपण शिक्षकाला बोलताना बघतो, ठरवताना बघत नाही. हे उदाहरण आधी का, तो मुद्दा का गाळला, इथे का थांबले, यातलं काही बाकावरून दिसत नाही. चांगल्या व्याख्यानात तर मुळीच दिसत नाही. शिलाई दिसू न देणं हेच तर चांगल्या शिंप्याचं कसब.

तर आता तेच व्याख्यान विंगेतून बघायचं. कसं, ते मला मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञाकडून सुचलं.

फॅरडे लंडनमध्ये पुस्तकबांधणीच्या दुकानात उमेदवारी करत होता. १८१२ मध्ये, विशीत, दुकानाच्या एका गिऱ्हाइकानं दिलेल्या तिकिटांवर तो रॉयल इन्स्टिट्यूशन या विज्ञानसंस्थेत हम्फ्री डेव्ही या रसायनशास्त्रज्ञाची चार व्याख्यानं ऐकायला गेला. डेव्ही तेव्हाचा गाजलेला वक्ता. फॅरडेही भारावला असणारच. पण घरी येऊन त्यानं टिपणं पुन्हा नीट लिहून काढली, प्रयोगांच्या आकृत्या काढल्या, सगळं बांधून त्याचा ग्रंथ केला आणि वर्षाअखेरीस तो डेव्हीकडे पाठवला. १८१३ च्या मार्चमध्ये त्याला तिथे सहायकाची नोकरी मिळाली. ही गोष्ट सगळे इथेच थांबवतात, कारण नोकरी मिळाली की ती प्रेरणादायी होते.

शिक्षकासाठी मोलाचा भाग त्याच्या पुढचा आहे. त्याच वर्षी जूनमध्ये फॅरडेनं बेंजामिन अ‍ॅबट या मित्राला पत्रं लिहिली आणि त्यात व्याख्यान या प्रकाराचीच चिरफाड केली. आता तो डेव्हीच्या आणि इतरांच्या व्याख्यानांना टेबलामागे उभा असायचा, म्हणजे अगदी विंगेत. त्यानं काय पाहिलं? सभागृहाचा आकार कसा असावा. ताजी हवा येते का, कारण कोंदट खोलीत लक्ष टिकत नाही. उपकरणं सगळ्यांना दिसतील अशी मांडलीत का. वक्ता श्रोत्यांकडे पाठ करून बोलतो का. किती वेळ बोलावं. त्याच्या मते तासाभराहून जास्त नकोच. ज्याला स्वतःला अजून व्याख्यान द्यायचं नव्हतं, तो एकविशीतला मुलगा हवा खेळती आहे का हे पाहत होता! प्रेरणेवर त्या पत्रांत फारसं काही नाही, पण ताज्या हवेवर आहे.

तुमच्या व्याख्यानाचं ध्वनिमुद्रण मिळालं तर फारच छान. नाही मिळालं तर आठवणीवर भागवा, किंवा दुसरं एखादं चांगलं व्याख्यान घ्या. कागदावर तीन रकाने आखा. पहिल्यात मिनिटं. दुसऱ्यात त्या मिनिटांत वक्ता काय करत होता: गोष्ट, व्याख्या, प्रश्न, उदाहरण, मागचा मुद्दा पुन्हा, शांतता. तिसऱ्यात श्रोत्यांनी त्या वेळी डोक्यानं काय करायचं होतं. 'ऐकायचं होतं' हे उत्तर तिसऱ्या रकान्यात चालणार नाही. ताडून बघायचं होतं, अंदाज बांधायचा होता, आधीच्याशी जोडायचं होतं, असं काहीतरी नेमकं हवं.

हा तक्ता मी बऱ्याच जणांकडून करून घेतलाय. पहिलं आश्चर्य ठरलेलं: दीड तासात कल्पना दोन, फार तर तीन. उरलेला सगळा वेळ त्याच कल्पनांभोवती घिरट्या. नवखा शिक्षक पस्तीस मिनिटांच्या तासात सात मुद्दे कोंबतो, आणि ज्याला सगळे डोक्यावर घेतात तो त्याच्या अडीचपट वेळात तीन सांगतो. याचा अर्थ वक्त्यानं घरी बसून वीसेक मुद्दे गाळले. तुम्ही ऐकलेल्या व्याख्यानातलं सगळ्यांत जास्त कष्टाचं काम तुम्हाला ऐकूच आलेलं नाही.

दुसरं म्हणजे क्रम. बहुतेक चांगले वक्ते व्याख्येनं सुरुवात करत नाहीत. आधी असा प्रसंग किंवा वस्तू पुढे ठेवतात की ऐकणाऱ्याचा अंदाज चुकतो, आणि मग व्याख्या त्या चुकीचं उत्तर म्हणून येते. फॅरडेनं १८६०-६१ च्या नाताळात मुलांसाठी सहा व्याख्यानं दिली, ती एका पेटत्या मेणबत्तीवर. ज्वलन, हवा, पाणी, श्वसन सगळं तिथूनच उलगडलं. मेणबत्ती मुलांनी आधी हजारदा पाहिलेली असणार, म्हणूनच ती निवडायला अक्कल लागते. तुमच्या तक्त्यात वक्त्यानं अशी 'पाहिलेली पण न पाहिलेली' वस्तू कोणती वापरली ते शोधा.

आता माझी फजिती सांगतो, कारण नक्कल कुठे फसते ते तिच्यात नीट दिसतं. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी मीही असाच एका वक्त्यावर फिदा झालो होतो. तो गोष्ट सांगायचा आणि ऐन क्षणी थांबायचा. मी तरंगण्याचा पाठ तसाच बसवला. आर्किमिडीज, टबातलं पाणी, 'युरेका', रस्त्यातून धावणं, मध्ये थांबणं, सगळं. मुलं खूश, मी त्याहून. आठवड्यानं सहज विचारलं, 'लोखंडी खिळा बुडतो, मग लोखंडाचं जहाज का तरंगतं?' उत्तरं आली: जहाजाला इंजिन असतं म्हणून. ते मोठं असतं म्हणून. समुद्राचं पाणी खारट असतं म्हणून. आर्किमिडीज कपडे न घालता धावला होता हे मात्र शंभर टक्के मुलांच्या लक्षात होतं.

पुढच्या वर्षी मी गोष्ट काढून टाकली. मातीचा गोळा पाण्यात टाकला, बुडला. दुसऱ्या तेवढ्याच मातीची वाटी केली आणि विचारलं, 'ही टाकली तर? आधी वहीत लिहा, मग शेजाऱ्याला पटवा.' पाच मिनिटं वर्गात गोंगाट. वाटी तरंगली तेव्हा ज्यांचा अंदाज चुकला होता तेच पुढे वाकून बघत होते. वजन तेवढंच आहे, बदललाय फक्त आकार, आणि वाटी गोळ्यापेक्षा जास्त पाणी बाजूला सारते, इथपर्यंत काही मुलं माझ्या मदतीशिवाय पोचली. तो पाठ कुणाला प्रेरणादायी वाटला नसता. मी जेमतेम दहा मिनिटं बोललो असेन.

मला ज्या वक्त्यानं भुलवलं होतं, त्याचं थांबणं मी उचललं. का थांबायचा ते उचललं नाही. तो थांबायचा ते श्रोत्यांना अंदाज बांधायला वेळ मिळावा म्हणून. माझं थांबणं नुसतं नाटकी होतं.

हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझुर यांची कथा याच जातीची, पण कितीतरी मोठ्या प्रमाणावरची. त्यांची व्याख्यानं विद्यार्थ्यांना आवडायची, अभिप्राय उत्तम यायचे. १९९० च्या सुमारास त्यांनी बलाविषयीच्या अगदी प्राथमिक, रोजच्या भाषेतल्या प्रश्नांची चाचणी वर्गाला दिली. एका विद्यार्थिनीनं विचारलं: याची उत्तरं तुम्ही शिकवलंत तशी द्यायची, की मी एरवी विचार करते तशी? या एका प्रश्नात सगळं आलं. शिकवलेलं एका कप्प्यात, खरी समजूत दुसऱ्यात. तिथून मझुर यांनी व्याख्यानं तोडली: थोडं बोलायचं, एक प्रश्न टाकायचा, प्रत्येकानं एकट्यानं उत्तर ठरवायचं, मग शेजाऱ्याशी वाद घालायचा, मग पुन्हा उत्तर द्यायचं.

शेजाऱ्याचं समजावणं कधीकधी शिक्षकापेक्षा का लागू पडतं? कारण शेजाऱ्याला ते नुकतंच कळलेलं असतं, कुठे अडतं ते त्याला आठवतं. आपण विसरलेलो असतो. स्टॅनफर्डमध्ये १९९० साली एलिझाबेथ न्यूटन यांनी काही जणांना परिचित गाण्यांचा ठेका टेबलावर वाजवायला सांगितला. ऐकणारे निम्म्या वेळा गाणं ओळखतील असा वाजवणाऱ्यांचा अंदाज होता. १२० पैकी ओळखली गेली फक्त ३. वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खं गाणं चालू असतं, समोरच्याला नुसती टकटक. टाचण लिहिताना हे जरूर आठवा.

तुमच्या आवाजाबद्दल. फॅरडेसुद्धा जन्मतः वक्ता नव्हता. त्यानं वक्तृत्वाची रीतसर शिकवणी लावली होती, आणि बोलण्याचा वेग वाढतो हे माहीत असल्यानं समोर 'सावकाश' असं लिहिलेलं कार्ड ठेवायचा. तास संपत आला की 'वेळ' असं कार्ड पुढे येई. म्हणजे तुम्ही ज्याला देणगी समजता त्यातला बराच भाग कार्डावर लिहून ठेवता येतो. लहान आवाजाच्या शिक्षकानं एवढं पाळावं: फळ्याशी बोलू नये, महत्त्वाचं वाक्य चालता चालता बोलू नये, आणि गोंगाटावर आवाज चढवू नये.

शिवाय कमी बोलणाऱ्याला एक गोष्ट सोपी जाते, जी फर्ड्या वक्त्यांना मरणाची अवघड वाटते. मेरी बड रो या शिक्षण-संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात वर्गांची ध्वनिमुद्रणं तपासली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी सेकंदभरच थांबत, मग स्वतःच बोलू लागत किंवा दुसऱ्याला उठवत. हा अवधी तीन सेकंदांच्या पुढे नेला तर उत्तरं लांबली, जास्त मुलं बोलू लागली, 'माहीत नाही' कमी झालं. तीन सेकंद ऐकायला क्षुल्लक वाटतात. वर्गासमोर उभं राहून मनात मोजून बघा, घाम फुटतो.

एक खटकणारी बाब सांगतो, राग मानू नका. अशा व्याख्यानांत जवळजवळ नेहमी एक विद्यार्थी असतो: घरची दैना, कुणाचा विश्वास नाही, मग एका शिक्षकाचा हात आणि आज तो कुठल्या कुठे. असे विद्यार्थी मलाही भेटले. पण तेवढाच हात देऊनही जे हातातून निसटले, तेही आहेत, आणि त्यांची गोष्ट व्यासपीठावर कुणी सांगत नाही. फक्त पहिल्या प्रकारच्या गोष्टी ऐकून वर्गात गेलात तर पहिल्या अपयशाला स्वतःला तरी दोष द्याल, नाहीतर त्या मुलाला. आणि आपल्या मुलांची दुःखं टाळ्यांसाठी वापरायची नाहीत, एवढं आजच ठरवून टाका.

सराव पाठाचं म्हणाल तर त्या व्याख्यानातून एकच गोष्ट न्या. शैली नको, गोष्ट नको. मी तुमच्या जागी असतो तर सुरुवातीचा प्रश्न नेला असता, ज्यात मुलांचा अंदाज चुकेल असा. टाचणात तो शब्दशः लिहा आणि त्याखाली मुलं काय काय चुकीची उत्तरं देतील ती तीन लिहा. चुकीची उत्तरं सुचत नसतील तर पाठ अजून तयार नाही. शेजारच्या एखाद्या मुलाला प्रश्न विचारून या, दोन मिनिटांत खजिना मिळेल. निरीक्षकांना पाठाच्या ठरलेल्या पायऱ्या आणि सुबक फळा लागतो. तोही करा, त्यात वाद घालत बसू नका.

राहिलं पत्र. जरूर लिहा, पण पाठाच्या आधी नको. 'तुम्ही मला प्रेरणा दिलीत' अशी पत्रं त्या सरांकडे ढिगानं येत असतील. तुम्ही तो मिनिटांचा तक्ता पाठवा, फॅरडेनं टिपणं पाठवली तशी. सोबत एकच प्रश्न विचारा: या व्याख्यानातून तुम्ही काय काय गाळलंत? आणि आठवड्यानंतर तुमच्या वर्गातल्या किती मुलांनी तुमच्या प्रश्नाचं उत्तर बरोबर दिलं, तो आकडाही लिहा, अगदी चारच असला तरी.